डोळे मेंदूला फोटो पाठवत नाहीत

एक उंदीर जागच्या जागी फिरणाऱ्या चाकावर पळतो आहे. समोरच्या पडद्यावर सिनेमांचे आणि खेळांचे तुकडे चालू आहेत. उंदराला त्यातलं काय समजतं, कोण जाणे. पण त्याच्या मेंदूतला डोळ्यांशी संबंधित भाग कामाला लागलाय, आणि तिथली कुठली पेशी कुठल्या क्षणी चमकते याची नोंद वर रोखलेल्या सूक्ष्मदर्शकातून होते आहे. चमकते हे अगदी शब्दशः. कामाला लागली की उजळावी, असा जनुकीय बदल त्या पेशींमध्ये आधीच करून ठेवलेला असतो.

पुढे त्याच मेंदूतला वाळूच्या कणाएवढा तुकडा काढला गेला. त्याच्या पंचवीस हजारांहून जास्त चकत्या कापल्या, प्रत्येक चकतीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेतले आणि संगणकाच्या मदतीने ते एकावर एक रचून एकेक तंतू कुठून कुठे जातो ते शोधलं. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे काम छापून आलं. हिशोब असा: जागा जेमतेम एक घन मिलिमीटर, त्यात दोन लाखांवर पेशी, सुमारे चार किलोमीटर लांबीचे तंतू आणि ५२ कोटींहून जास्त जोडण्या. डीएनएची रचना शोधणाऱ्या जोडीतले फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ साली लिहिलं होतं की, मेंदूच्या एका घन मिलिमीटरातली अचूक जोडणी आणि तिथल्या सगळ्या पेशींचं वागणं एकदम मागणं म्हणजे अशक्य ते मागणं. अशक्य ठरवलेलं काम ४६ वर्षांत झालं.

‘मेंदूचा नकाशा तयार’ अशी बातमी वाचायला छान वाटते, पण मूळ प्रश्न तिथेच राहतो. या ५२ कोटी जोडण्यांमधून जातं तरी काय? आणि ते जे काही जातं, त्यातून ‘दिसणं’ कसं तयार होतं?

पेशी बोलते म्हणजे नेमकं काय करते?

मेंदूत निरोपांची ने-आण करणाऱ्या पेशीला चेतापेशी म्हणतात. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. चेतापेशी दिसायला पानं गळालेल्या झाडासारखी असते: एका बाजूला फांद्यांचा पसारा, मध्ये एक गाठ आणि दुसऱ्या बाजूला निघालेला एक लांब तंतू. फांद्यांवर ती ऐकते, तंतूवरून बोलते.

तिचं बोलणं विजेचं असतं, पण दिव्याच्या तारेतली वीज डोळ्यांसमोर आणू नका. पेशीच्या आवरणात बारीक दारं असतात. दारं बंद असताना बाहेर सोडियमचे भारित कण खोळंबलेले असतात, आणि आतल्या-बाहेरच्या बाजूंमध्ये साधारण ७० मिलिव्होल्टचा ताण असतो. एका ठिकाणची दारं उघडली की सोडियम आत घुसतो, ताण उलटा होतो. त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. उभ्या ठेवलेल्या विटांच्या रांगेतली पहिली वीट ढकलावी तसा हा निरोप तंतूच्या टोकापर्यंत पोचतो. फरक एवढाच की इथल्या विटा पडल्यावर काही मिलिसेकंदांत आपोआप पुन्हा उभ्या राहतात. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी १९५२ मध्ये या सगळ्याचं गणित मांडलं, तेही एका समुद्री प्राण्याच्या, स्क्विडच्या, तंतूवर काम करून. हा तंतू नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका जाड असतो, म्हणून त्यात तार खुपसून मोजमाप घेता आलं.

यातली एक गोष्ट पुढे सतत लागणार आहे. साधारणपणे चेतापेशीला हळू किंवा मोठ्याने बोलता येत नाही. आरोळी ठोकली तर ती पूर्ण, नाहीतर काहीच नाही, आणि प्रत्येक आरोळी त्याच पट्टीतली. महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर तिच्याकडे उपाय एकच: घाईघाईने पुन्हा पुन्हा ओरडणं.

ओरडायचं की नाही हे ठरतं कसं? एकेका पेशीच्या फांद्यांवर हजारो जोडण्या असतात. काही सांगतात ‘बोल’, काही सांगतात ‘गप्प बस’. सगळ्यांची बेरीज-वजाबाकी होऊन ताण ठरावीक पातळीच्या वर गेला तर आरोळी उठते. मेंदूबद्दलच्या गप्पांमध्ये ‘बोल’ म्हणणाऱ्यांचंच कौतुक होतं. माझ्या मते दृष्टीच्या कहाणीतले खरे कलाकार ‘गप्प बस’ म्हणणारे आहेत. ते का, हे थोडं पुढे येईल.

मधल्या फटीवरून झालेलं भांडण

तंतूचं टोक पुढच्या पेशीला चिकटलेलं असतं का? या प्रश्नावर एकेकाळी चांगलीच जुंपली होती. इटलीच्या कामिलो गॉल्जी यांनी मोजक्याच पेशी काळ्या रंगात उठून दिसाव्यात अशी रंगवण्याची पद्धत शोधली. त्यांचं मत होतं की सगळा मेंदू म्हणजे एकसंध जाळं. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी गॉल्जींचीच पद्धत वापरली, पक्ष्यांच्या मेंदूपासून डोळ्यांच्या पडद्यापर्यंत शेकडो नमुने पाहिले, आपल्या हाताने चित्रं काढली आणि निष्कर्ष नेमका उलटा काढला: प्रत्येक पेशी सुटी आहे. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि गॉल्जींनी आपलं नोबेलचं भाषण काहालांच्या सिद्धांतावर टीका करण्यात खर्ची घातलं. फट प्रत्यक्ष दिसायला १९५० च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. काहाल बरोबर होते. फट सुमारे २० नॅनोमीटरची आहे. एका केसाच्या जाडीत अशा काही हजार फटी मावतील. या जोडणीच्या जागेला सिनॅप्स म्हणतात.

आता फट आहे म्हटल्यावर निरोप पलीकडे जातो कसा? ऑटो लोवी यांना याचा प्रयोग स्वप्नात सुचला. ते स्वतः सांगत की मध्यरात्री उठून त्यांनी तो खरडून ठेवला आणि सकाळी स्वतःचं अक्षर त्यांनाच लागेना. पुढच्या रात्री स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी धोका न पत्करता ते उठून तडक प्रयोगशाळेत गेले. प्रयोग असा: बेडकाची दोन हृदयं वेगवेगळ्या भांड्यांत धडधडत ठेवायची. पहिल्या हृदयाची गती मंद करणारी नस विजेने चेतवायची. ते मंदावलं की त्याच्याभोवतालचं पाणी घेऊन दुसऱ्या हृदयावर घालायचं. दुसरं हृदयही मंदावलं. त्याला नस जोडलेलीच नव्हती, म्हणजे निरोप पाण्यातून, एखाद्या रसायनातून गेला होता. १९२१ मध्ये हे छापून आलं आणि १९३६ मध्ये लोवी हे हेन्री डेल यांच्यासह नोबेलचे मानकरी ठरले.

तर पेशींचं संभाषण असं चालतं: तंतूत वीज, फटीत रसायन, पलीकडे पुन्हा वीज. पुढच्या पेशीवर त्या रसायनासाठी कुलपं बसवलेली असतात. आणि गंमत म्हणजे रसायनाला स्वतःचा अर्थ नसतो. तीच किल्ली एका पेशीत ‘बोल’चं दार उघडते, दुसरीत ‘गप्प बस’चं. अर्थ कुलपात असतो. डोळ्याने याचा पुरेपूर फायदा उठवलाय.

उजेड पडला की गप्प होणाऱ्या पेशी

डोळ्याच्या मागच्या भिंतीवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असा दृष्टिपटल असतो, ज्याला डॉक्टर रेटिना म्हणतात. त्यात उजेड टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी आहेत: मंद उजेडातल्या दंडपेशी, आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी. रचना जरा विचित्रच म्हणायची. या पेशी पडद्याच्या सगळ्यात मागच्या बाजूला बसतात, त्यामुळे उजेडाला आधी बाकीचे थर ओलांडून यावं लागतं.

आता अंधाऱ्या खोलीची कल्पना करा. डोळे उघडे आहेत, दिसत काहीच नाही. आपल्याला वाटेल, उजेड टिपणाऱ्या पेशी स्वस्थ बसल्या असतील. प्रत्यक्षात त्या याच वेळी सगळ्यात जास्त बडबडत असतात. अंधारात त्यांची सोडियमची दारं उघडी असतात आणि टोकाकडून ग्लुटामेट नावाचं रसायन सतत पाझरत असतं. दिवा लावला की ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू उजेडाच्या कणामुळे सरळ होतो. त्यातून रासायनिक साखळी सुरू होते, दारं बंद होतात आणि ग्लुटामेटचं पाझरणं कमी होतं. उजेड आल्याची बातमी म्हणजे बडबड कमी होणं. ही साखळी इतकी जोरकस आहे की प्रकाशाचा एकच कण दंडपेशीत मोजता येण्याजोगा बदल घडवतो.

मग शांततेतून ‘उजेड आला’ हे पुढे कळतं कसं? कुलपं आठवा. पुढच्या थरात दोन जातीच्या पेशी आहेत. एका जातीच्या पेशींना ग्लुटामेट दाबून ठेवतं. ते कमी झालं की त्या जाग्या होतात. दुसऱ्या जातीला तेच ग्लुटामेट चेतवतं. ते कमी झालं की त्या थंडावतात आणि सावली पडली की उठतात. एकाच ठिपक्याची बातमी अशी दोन वाटांनी निघते: एक वाट ‘उजळलं’ सांगणारी, दुसरी ‘काळोखलं’ सांगणारी. या पानावरची काळी अक्षरं दिसण्यात दुसऱ्या वाटेचा मोठा हात आहे.

पण कॅमेराही उजेडच मोजतो ना?

मोजतो. आणि म्हणूनच डोळा कॅमेऱ्यासारखा नाही. कॅमेरा प्रत्येक ठिपक्यावर किती उजेड पडला ते टिपतो. डोळ्याला त्या आकड्यात फारसा रस नसतो, त्याला शेजारच्या ठिपक्याशी असलेला फरक हवा असतो.

याला कारण व्यवहारी आहे. एका डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास, पण मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत, म्हणजे डोळ्यांतून निघणाऱ्या मुख्य नसेत, तंतू दहा-बारा लाखच. सगळ्यांचं म्हणणं जसंच्या तसं पुढे पाठवणं शक्यच नाही, म्हणून डोळ्यातच छाटणी होते. दृष्टिपटलाच्या शेवटच्या थरातली एकेक पेशी पडद्यावरच्या एका छोट्या गोल जागेवर नजर ठेवून असते. स्टीफन कफलर यांनी १९५३ मध्ये मांजरांच्या डोळ्यांत दाखवलं की या गोलाच्या मध्यावर उजेड पडला की पेशी जोरात ओरडते, कडेवर पडला की गप्प होते. दुसऱ्या तऱ्हेच्या पेशीत हेच उलटं. पण मधोमध आणि कड, दोन्हीवर सारखाच उजेड पडला, तर ‘बोल’ आणि ‘गप्प बस’ एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात. कोऱ्या पांढऱ्या भिंतीच्या मधल्या भागाबद्दल या पेशींना सांगण्यासारखं फार काही नसतं. भिंत जिथे दाराला भिडते तिथे आरडाओरडा होतो. ‘गप्प बस’वाल्यांचं मी कौतुक करत होतो ते यासाठी. त्यांच्याशिवाय कडा उठून दिसल्याच नसत्या.

परिणाम हातात धरून पाहता येतो. छापील कागद खोलीत वाचा, मग तोच भर उन्हात नेऊन वाचा. उन्हातल्या काळ्या अक्षरांवरून डोळ्यांत येणारा उजेड हा खोलीतल्या पांढऱ्या कागदावरून येणाऱ्या उजेडापेक्षा कितीतरी जास्त असतो. तरी उन्हात अक्षरं पांढरी दिसत नाहीत. काळंच दिसतं, कारण शेजारच्या कागदापेक्षा ते तिथेही गडद आहे.

आणि कॅमेऱ्याच्या कल्पनेला उरलासुरला धक्का द्यायचा असेल तर एक कोरा कागद घ्या. डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर ठळक ठिपका. डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा आणि कागद लांबून हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. दृष्टिचेता जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे उजेड टिपणाऱ्या पेशीच नाहीत, हाच अंधबिंदू. ठिपका गायब होतो यापेक्षा मला जास्त चमत्कारिक वाटतं ते हे की, त्या जागी काळं भोकही दिसत नाही. नुसता कोरा कागद दिसतो. तिथली बातमीच आलेली नाही, आणि मेंदूने आजूबाजूचं बघून जागा भरून टाकली.

चुकून सरकलेली काच

डोळ्यांतून निघालेला निरोप मेंदूच्या मध्यावरच्या एका ठाण्यावर, थॅलॅमसमध्ये थांबतो आणि तिथून डोक्याच्या पार मागच्या बाजूला पोचतो. तिथल्या पेशी काय ओळखतात याचा शोध डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घेत होते. मांजराच्या मेंदूतल्या एका पेशीला बारीक इलेक्ट्रोड लावलेला, पेशीची आरोळी लाउडस्पीकरवर ऐकू येणार अशी सोय. काचेच्या पट्टीवर ठिपका काढून त्याची सावली मांजरासमोरच्या पडद्यावर टाकत होते. इथे ठिपका, तिथे ठिपका, पेशी ढिम्म. मग काच यंत्रात सरकवताना एकदम मशिनगनसारखा तडतडाट सुरू झाला. ठिपक्याचा काही संबंध नव्हता. काचेच्या कडेची पुसट रेघ पडद्यावरून सरकली होती, आणि ती ठरावीक कोनात होती. कोन बदलला की पेशी पुन्हा मुकी.

डोळ्यातल्या पेशी ठिपक्यांचे फरक सांगतात. असे ओळीत आलेले फरक जोडून मेंदूतली पेशी म्हणते ‘तिरकी रेघ’. तिच्या शेजारची म्हणते ‘थोडी कमी तिरकी’. पुढच्या भागांत कुणी रंगाकडे लक्ष देतं, कुणी हालचालीकडे, कुणी चेहऱ्यांकडे. ही कामं किती वेगळी आहेत ते एखादंच बिघडल्यावर कळतं. १९८३ मध्ये एका रुग्ण स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. मेंदूच्या एका भागाला इजा झाल्यामुळे तिला फक्त हालचाल दिसेनाशी झाली होती. वस्तू दिसत, रंग दिसत. पण कपात चहा ओतताना धार गोठून बसल्यासारखी दिसे आणि कप भरून वाहू लागला तरी कळत नसे. खोलीतली माणसं एकदम इथे, एकदम तिथे.

ह्यूबेल आणि वीझल यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. फोनमध्ये चेहरा ओळखणारे प्रोग्राम आज ज्या तऱ्हेच्या संगणकी चेताजाळ्यांवर (न्यूरल नेटवर्कवर) चालतात, त्यांच्या सुरुवातीच्या आराखड्याला प्रेरणा याच कामातून मिळाली होती: आधी कडा, मग कडांचे आकार, मग वस्तू.

डोळ्यांत चित्र उलटं पडतं, मग ते सरळ कोण करतं?

शाळेत भिंगाची आकृती काढताना हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. आणि बहुतेकांना ‘मेंदू सरळ करतो’ असं उत्तर देऊन गप्प बसवलं जातं. उत्तर चुकीचं आहे. कुणीच सरळ करत नाही, कारण ते चित्र बघायला आत कुणी बसलेलं नाही. दृष्टिपटलाच्या खालच्या भागातले तंतू ‘वर काहीतरी आहे’ एवढं सांगतात आणि हात वर जातो. नातं जुळलं की काम झालं. १८९० च्या दशकात जॉर्ज स्ट्रॅटन यांनी सगळं उलटं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून काही दिवस काढले. सुरुवातीला पाण्याचा पेला धरणंही कठीण, पण काही दिवसांत त्यांचे हातपाय त्या उलट्या जगात बऱ्यापैकी वावरू लागले.

आतल्या पडद्याची कल्पना सोडून द्यायला आणखी एक कारण आहे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात डोक्याच्या मागे गोळी लागलेले सैनिक जपानी नेत्रतज्ज्ञ तात्सुजी इनोये यांनी तपासले. गोळी कुठून शिरून कुठून गेली आणि नजरेतला कुठला भाग आंधळा झाला, हे ताडून त्यांनी मेंदूवर नजरेचा नकाशा मांडला. नकाशा आहे, पण कमालीचा ताणलेला. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं तर नखाएवढा जो मधला भाग स्पष्ट दिसतो, त्याला मेंदूत भली मोठी जागा. बाकीचं जग उरलेल्या जागेत दाटीवाटीने. हे चित्र कुणी खरंच बघत असतं तर त्याला भोवळ आली असती.

मग दिसतं ते मेंदूने रचलेलंच म्हणायचं का?

अर्धं खरं. आरशासमोर उभे राहा. आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, पुन्हा डाव्या. नजर सरकते, पण स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. बाजूला उभ्या माणसाला मात्र स्वच्छ दिसतात. जागेपणी आपली नजर सेकंदाला तीनेक वेळा अशी उडी मारते, आणि प्रत्येक उडीच्या वेळचं धूसर दृश्य मेंदू दाबून टाकतो.

शिवाय निरोप एकाच दिशेने जातात हा समजही सोडायला हवा. थॅलॅमसच्या त्या ठाण्यावरच्या जोडण्या मोजल्या तर डोळ्याकडून येणाऱ्या दहातल्या एखाद-दुसऱ्या. उरलेल्या जास्त करून मेंदूच्याच इतर भागांतून येतात. डोळा सांगतो ‘हा फरक दिसला’, आणि वरून उत्तर येतं ‘अपेक्षित होतं’ किंवा ‘हे नवीन, पुन्हा सांग’. अंधारात खुर्चीवरचा सदरा माणूस वाटतो तो याच कारणाने: खालून येणारी बातमी पुसट, वरचा अंदाज जोरात.

पण म्हणून सगळं मनाचे खेळ म्हणायचं कारण नाही. अंदाजाला बाहेरून येणारा फरक सतत टोचत असतो. दोन पावलं पुढे गेलात की सदऱ्याच्या कडा डोळ्यांत ठळक होतात आणि माणूस मोडतो. अंदाज चुकला की दुरुस्त होतो, ही व्यवस्था खोटेपणाची नाही.

नुसता डोळा बरा करून भागतं का?

इथे या सगळ्याचा थेट उपयोग येतो. ह्यूबेल आणि वीझल यांनीच दाखवलं की मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला, तर नंतर उघडूनही त्या डोळ्याने नीट दिसत नाही. डोळा धड असतो. मेंदूतल्या त्याच्या जागा शेजारच्या डोळ्याने बळकावलेल्या असतात. मोठ्या मांजराचा डोळा तेवढाच काळ झाकला तर असं काही होत नाही. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया लवकर करायची धडपड त्यासाठीच. तिरळेपणामुळे मागे पडलेल्या ‘आळशी’ डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात तीही लहानपणीच, कारण मेंदूत जागा परत मिळवायची असते.

उशीर झाला तर दार पूर्ण बंद होतं का? १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना विचारलं होतं: जन्मांध माणसाला स्पर्शाने घन आणि गोल ओळखता येतात, त्याला अचानक दृष्टी आली तर न शिवता ओळखता येतील का? भारतात जन्मांध मुलांवर उपचार करणारा ‘प्रोजेक्ट प्रकाश’ चालवणारे, अमेरिकेतल्या एमआयटीचे पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये उत्तर दिलं. ८ ते १७ वयाच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखता आली नाही. पण ज्यांची पुन्हा चाचणी झाली त्यांना ते काही दिवसांतच जमू लागलं. दार किलकिलं होतं तर.

२०२१ मधला एक प्रयोग याच्याही पुढचा आहे. एका आजारात उजेड टिपणाऱ्या पेशी मरून अनेक वर्षं अंध असलेल्या ५८ वर्षांच्या रुग्णाच्या डोळ्यात संशोधकांनी शैवालातल्या प्रकाशसंवेदी प्रथिनाचं जनुक सोडलं, तेही शेवटच्या थरातल्या पेशींत. दृश्यातले बदल टिपून ते डोळ्यात योग्य रंगाच्या झोताने टाकणारा खास चष्मा दिला. कित्येक महिन्यांच्या सरावानंतर त्याला टेबलावर ठेवलेली वही कुठे आहे ते सांगता आलं. चष्म्याची रचना बघा: तो पूर्ण फोटो टाकत नाही, उजेडात झालेला बदल टाकतो. शेवटच्या थराला तीच भाषा कळते.

नकाशा हाती आला, आता मेंदू उलगडला का?

नाही, आणि याचं कारण जुनंच आहे. एका सूक्ष्म गोलकृमीच्या सगळ्या ३०२ चेतापेशींचा नकाशा १९८६ मध्ये छापला गेला. आजही त्या किड्याची प्रत्येक हालचाल नकाशावरून सांगता येत नाही. जोडणी कुठे आहे हे कळलं तरी तिथे कुठलं कुलूप आहे, ते किती घट्ट आहे, आजूबाजूला आणखी कुठली रसायनं दरवळताहेत, हे नकाशात नसतं. उंदराच्या नकाशाचं वेगळेपण असं की पेशी कुणाशी जोडलेली आहे हे जसं कळतं, तसंच सिनेमा चालू असताना ती केव्हा ओरडली हेही कळतं. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. सारख्या दृश्याला ओरडणाऱ्या पेशी एकमेकींशी जास्त जोडलेल्या आढळल्या. आणि ‘गप्प बस’ म्हणणाऱ्या पेशी सगळ्यांना सरसकट दटावत नाहीत, कुणाला गप्प करायचं हे ती प्रत्येक जात निवडून ठरवते. वर्षानुवर्षं त्यांना नुसतं ब्रेकचं काम दिलं गेलं होतं, त्याला हे उत्तर मला फार आवडलं.

मोजमापाचं ओझंही कमी नाही. या एका कणाची माहिती १.६ पेटाबाइट भरली, म्हणजे सोळा लाख गिगाबाइट. उंदराचा अख्खा मेंदू त्याच्या सुमारे पाचशेपट. शिवाय तंतू जोडताना संगणक चुकतो. एखादा तंतू मध्येच तोडतो, किंवा शेजारून जाणारे दोन एक समजतो. ती चूक काढायला माणूस बसवावा लागतो. करड्या रंगाचे एकसारखे दिसणारे फोटो एकामागून एक सरकवत तो पडद्याकडे टक लावून बघतो: ही रेघ इथे संपली, की वळून खालच्या चकतीत गेली?